'एक' म्हणणारे लिंबाजीआण्णा

लिंबाजीआण्णा पहिल्या मापाला 'एक' म्हणायचे, आणि त्यावरून आमच्या डेअरीत रोज सकाळी कुणी ना कुणी कुरकुरायचंच.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या भागात माप घालताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. मापाडी धान्याच्या राशीपुढं बसला की पायली राशीत खुपसतानाच त्याच्या तोंडून 'लाभ' निघतं, आणि मग पुढची मोजणी चालू होते. सुरुवात शुभ शब्दानं व्हावी, एवढाच त्यातला हेतू. गावात दूध डेअरी निघाली तेव्हा दुधालाही आपोआप तीच रीत लागली. डेअरीचे मापाडी मात्र लिंबाजीआण्णा, आणि ते कॅनवर वाकून, लिटरचं माप ओतून, कोरड्या आवाजात म्हणायचे, "एक."

मी मुरुमकडचा, कर्नाटकाच्या सीमेवरचा. दहावीनंतर डेअरीचा छोटा कोर्स केला आणि चौऱ्याऐंशी साली ईटजवळच्या या गावात दूध संस्थेत टेस्टर म्हणून लागलो. गावाचं नाव घेत नाही, माणसं अजून आहेत. दुधात लोणी किती हे काचेच्या नळीत काढून सांगायचं, हे माझं काम. ज्याचं कमी निघायचं तो माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. वय चोवीस, डोकं तापट, त्यात आमचं घर बौद्ध. 'ह्यो पोरगा आता आमचं दूध तपासनार व्हय?' हे वाक्य मी पहिल्याच आठवड्यात तीनदा ऐकलं होतं. त्यामुळं मी सकाळी उठायचोच मुळी भांडणाच्या तयारीत.

आण्णा तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. उंच, पण पाठीत वाकलेले. डाव्या गालावर आणि दोन्ही हातांवर निळसर ठिपके. मला आधी वाटलं देवी आल्या असतील, मग वाटलं गोंदवलंय. घरात एकटेच. थोरला मुलगा ढोकीच्या साखर कारखान्यावर कामाला, बायको त्याच्याकडंच राहायची. मुलगा दर दिवाळीला न्यायला यायचा आणि आण्णा दर दिवाळीला त्याला एकट्यालाच परत लावायचे. बोलणं कमी. 'दम धर, पळतंय का कुठं?' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रांगेत कुणी पुढं घुसलं तरी तेच, भूमहून दुधाची गाडी आली आणि ड्रायव्हर हॉर्न बडवायला लागला तरी तेच.

आणखी एक खोड होती. कुठंही आत शिरायचं म्हटलं की आधी स्वतः शिरायचे. डेअरीच्या मागं कॅन ठेवायची अंधारी खोली होती. एकदा मी दार ढकलून आत पाय टाकणार, तोच त्यांनी माझी कॉलर धरून असा हिसका दिला की दोन गुंड्या तुटल्या.

"म्होरं म्या," ते म्हणाले.

"अहो, खोली आहे ती! वाघ बसलाय का आत?"

"म्होरं म्या म्हनलं ना टेश्टर."

आत गेले, काठीनं चारी कोपरे हुडकले, आणि बाहेर येऊन म्हणाले, "जावा आता." आत काही म्हणजे काही नव्हतं, एक उंदीरसुद्धा नाही. नवा शर्ट होता माझा. मी दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही, आणि त्यांना तो फरक कळलाही नाही.

पण 'एक' म्हणण्यावर मी त्यांच्यावर खूश होतो. येसूबाप्पा म्हणून एक म्हातारा होता, एका म्हशीचं दूध आणायचा आणि दहा म्हशींचं बोलायचा. एका सकाळी त्यानं भर रांगेत तोंड सोडलं.

"ए लिंबाजी, पैल्या मापाला लाभ म्हन की रं! सकाळच्या पारी एक एक काय लावलंयस? माझी म्हैस आटली म्हंजे तू पान्हा फोडनार हायस का?"

"दूध तेवढंच भरंल बाप्पा," आण्णा वर न बघता म्हणाले. "दोन."

"आरं तुझा बाप मापाडी हुता. भूमच्या बाजारात त्याचा लाभ शंभर पावलांवनं ऐकू यायचा. त्याच्या पोटी तू असा कसा रं निपजलास?"

आण्णांचा हात मापावर थांबला. मला तेवढंच निमित्त पुरलं. मी हातातली नळी ठेवली आणि ठणकावून सांगितलं, "बाप्पा, एकाला एक म्हणणारा एकच माणूस आहे या गावात. तुम्ही लाभ म्हणा नाहीतर तोटा म्हणा, म्हैस ऐकत नसते. लिंबाजीआण्णांसारखी अक्कल सगळ्यांना आली असती तर…" असं बरंच काही. माझ्या बोलण्याला धार होती आणि मला ती आवडायची.

रांग पांगल्यावर आण्णा कॅनची झाकणं लावत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "टेश्टर, माझी वकिली करू नगा. माझ्यात तसलं काय न्हाय."

मला वाटलं, विनय. आजही तो दिवस आठवला की माझी मलाच लाज वाटते.

मग पाण्याचं भांडण झालं, आणि ते मीच काढलं.

डेअरीत पाण्याचा रांजण होता, भरायचं काम माझ्याकडं. पाणी गावच्या सामुदायिक विहिरीचं. बहात्तरच्या दुष्काळात सगळ्या गावानं मिळून खोदलेली ती विहीर, थंडगार आणि गोड पाण्याची. आजूबाजूच्या तीन गावांत तसं पाणी नव्हतं. महिनाभर मी बघत होतो, आण्णा त्या रांजणातलं पाणी पीत नाहीत. चहा केला तर 'नगं'. मी भाकरी पुढं केली तर 'पोट भरलंय'. घरून पितळी तांब्या आणायचे, फडक्यात गुंडाळलेला, आणि कोपऱ्यात तोंड फिरवून दोन घोट घ्यायचे. गावजेवणालासुद्धा जात नाहीत असं कळलं, पण ते मी कानाआड केलं. मला जे ऐकायचं होतं तेवढंच मी ऐकत होतो.

एका दुपारी ऊन मी म्हणत होतं. भूमची गाडी गेली होती, आम्ही दोघं घामाघूम. मी पेला भरून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी हातानं बाजूला सारला.

माझं डोकं सणकलं. "आण्णा, एक विचारू? माझ्या हातचं पाणी चालत नाही, असंच ना? मग तसं तोंडावर सांगा की! पोट भरलंय आणि तहान नाही, ही नाटकं कशाला? आम्हाला सवय आहे. मला वाटलं होतं गावात एक तरी माणूस आहे. तुम्ही तर येसूबाप्पापेक्षा हलके निघालात. तो निदान बोलून तरी दाखवतो."

ते माझ्याकडं बघतच राहिले. मी त्यांच्या तोंडात मारली असती तरी ते इतके दचकले नसते. मग उठले, पायात वहाणा सरकवल्या आणि त्या उन्हात चालते झाले. मी मनात म्हटलं, बरं झालं, एकदाचं उघडं पडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आले. तांब्या बरोबर होता. माझ्यासमोर मांडी घालून बसले, फडकं सोडलं आणि तांब्या माझ्या हातात दिला.

"अर्दं प्या. तोंड लावून प्या."

मी प्यायलो. पाणी मचूळ होतं, मातीच्या वासाचं. मी तांब्या खाली ठेवायच्या आत त्यांनी तो माझ्या हातून घेतला, मी जिथं ओठ लावले होते तिथंच ओठ लावले आणि उरलेलं माझं उष्टं पाणी घटाघटा पिऊन टाकलं. मिशा पुसल्या.

"झालं समाधान? आता ऐका. परत इचारू नगा."

आणि त्यांनी सांगितलं. मी त्यांच्या शब्दांत सांगायचा प्रयत्न करतो, कारण मला ते शब्द जसेच्या तसे ऐकू येतात.

"हे पानी वढ्यातल्या झिऱ्याचं. उन्हाळ्यात झिरा आटला तर शेजारच्या गावच्या आडाचं आनतो, कावड घेऊन. हिरीचं न्हाय पीत म्या. बारा वर्सं झाली.

"बहात्तरला गावात चुळ भरायला पानी नव्हतं. समद्यांनी मिळून हीर घ्यायचं ठरीवलं. सुरुंगाचं काम गावात मलाच येत हुतं, ह्ये अंगावरचं निळं ठिपकं त्या दारूचंच, आन् माझ्या जोडीला शिवराम. दोस्त माझा. माझ्या बायकूपेक्षा त्याला माझं जास्त ठावं. नऊ परस, नऊ मानसं उबी मावतील एवढं खोल गेलो, पानी न्हाय. तळाला काळा दगड लागला. त्या दिशी म्या सात भोकं पाडली, सात बार भरले. वाती पेटीवल्या, यारीच्या पाळण्यातनं वर आलो आन् बाभळीमागं बसलो. वर बसून बार मोजायचे असत्यात. सात भरले तर सात उडले पायजेत. एखादा ऱ्हायला तर दुसऱ्या दिसापतुर हिरीत कुनी पाय घालायचा न्हाय, ही रीत. मोजायचं काम माझं.

"माझा बाप मापाडी. म्या ल्हानपनापास्नं त्याच्या मांडीशी बसून मोजाय शिकलो. राशीत पायली घालतानाच लाभ म्हनायचं. त्या दिशी बाभळीमागं बसलो आन् सवयीनं तोंडातनं निघालं, लाभ. अजून एक बी बार उडला नव्हता, टेश्टर. मंग पैला बार झाला. म्या म्हनलं, दोन."

ते थांबले. मी बोटं मोजली. मोजायची गरज नव्हती, पण मोजली.

"सातवर येऊन थांबलो. शिवराम म्हनला, 'झाले?' म्या म्हनलं, 'झाले सात.' 'पक्कं?' 'पक्कं.' धूर निवला तसा त्यो यारीत बसला. त्याला लई घाई. म्या म्हनलं जा म्होरं, बिडी पेटवून आलोच. त्यो तळाला टेकला आसंल नसंल, आन् बार झाला."

बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडली. आण्णा मान खाली घालून तांब्यावरून बोट फिरवत होते.

"समदी हिरीकडं पळाली. म्या जाग्यावरच. आन् माझ्या तोंडानं काय केलं ठावं हाय का? माझं तोंड म्हनलं, आठ."

त्यांनी सात बोटं माझ्यापुढं धरली.

"सात भोकं म्या माझ्या हातानं पाडल्याली. आठवा बार आनायचा कुठनं? तवाच कळलं मला. कुनी सांगायची गरज पडली न्हाय. त्याला काडायला म्या उतरलो तवा पायाखाली पानी हुतं. त्याच बारानं झरा फुटला. मानूस वर काडला आन् तिसऱ्या दिशी बाया त्या हिरीवर घागरी भरत हुत्या. भरनार न्हाईत तर काय करत्याल? पोरं तहानली हुती. पर माझ्या घशाखाली न्हाय उतरलं. घरातली वैतागून ल्योकाकडं गेली. बरोबर हाय तिचं. दोन पान्याचा सौंसार कोन करंल?"

मी चोवीस वर्षांचा शहाणा. म्हणालो, "आण्णा, अपघात होता तो. मुद्दाम थोडंच…"

"अपघात म्हनू नगा!" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढलेला मी ऐकला. "पोलीस बी त्येच म्हनले. सरपंच म्हनला नशीब. कीर्तनकार म्हनला त्याचा घडा भरला. कसूर माझा हाय, आन् जो त्यो येऊन तो माझ्या हातनं काडून घ्यायलाय. येकानं जरी आयमाय काडली असती ना टेश्टर, तर म्या त्याचं पाय धरलं असतं. अजून बार मोजतो म्या. दिसातनं दहा येळा मोजतो. सहाच येत्यात."

ते उठले, फडक्यात तांब्या गुंडाळला. त्या संध्याकाळी रांगेत येसूबाप्पा पुन्हा लाभावरून सुरू झाला, तेव्हा मी त्याच्या अंगावर असा धावून गेलो की लोकांनी मला धरलं. का, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

शिवरामच्या बायकोला गाव चंद्राक्का म्हणायचं. तिच्याकडं संस्थेतर्फे मिळालेली एक म्हैस होती. सकाळ-संध्याकाळ ती चरवी घेऊन रांगेत यायची. आता मला दिसायला लागलं, तिचा नंबर आला की आण्णांची मान मापाच्या आत जायची म्हटलं तरी चालेल. एक, दोन, तीन. चरवी रिकामी करून खाली ठेवायचे, तिच्या हातात द्यायचे नाहीत. पाऊस पडला की त्यांची तिफण आधी तिच्या शेतात चालायची, मग स्वतःच्या. तिच्या घरावर पत्रे यांनीच चढवलेले, ती माहेरी गेलेली असताना. बारा वर्षांत तिच्याशी एक शब्द बोललेले नव्हते.

ती बाई मात्र बोलकी. काळीसावळी, बारीक, हसताना तोंडावर पदर न घेणारी. माझ्याशी तिचं छान जमायचं. माझ्या बोलण्यातला एखादा कानडी शब्द पकडून ती मला दिवसभर चिडवायची. एकदा मला म्हणाली, "टेश्टर, तुमच्या आण्णाला सांगा, माझं शेत पेरायचं आसंल तर निदान मला 'बी कंचं टाकू' तेवढं तरी इचारा. औंदा मला तूर पायजे हुती, जवारी पेरून मोकळे!"

दोनेक वर्षं अशीच गेली. मग तिच्या मुलीचं, सुमनचं लग्न ठरलं. शिवराम गेला तेव्हा सुमन चार-पाच वर्षांची होती. मांडवात नवरीच्या पाठीशी मामा उभा राहावा लागतो, आणि चंद्राक्काला भाऊ नव्हता. चुलतभाऊ होते, पण तिनं त्यांना विचारलं नाही. एका दुपारी डेअरी बंद असताना ती आली. मी नळ्या धूत होतो, आण्णा कॅन पालथे घालत होते. तिला दारात बघून ते मागच्या दाराकडं वळले.

"थांबा," ती म्हणाली. "लिंबाजीभाऊ, आज तुमाला जाऊ देनार न्हाय. टेश्टर, तुमी बी थांबा. ह्ये उद्या म्हनतील ऐकू आलं न्हाय."

आण्णा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

"सुमीच्या पाठीशी मामा म्हनून तुमी उबं ऱ्हायाचं."

भिंतीकडूनच आवाज आला. तिच्याशी नव्हे, माझ्याशी. "टेश्टर, त्यान्ला सांगा. माझी सावली नगं त्या पोरीवर. तिचा बाप…"

"तिचा बाप तुमच्या चुकीनं मेला," चंद्राक्का म्हणाली.

माझ्या हातातली नळी फुटली. आण्णा वळले. बारा-चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडं बघितलं असेल.

"चूक तुमचीच हाय. म्या न्हाय म्हनत न्हाय. समदं गाव मला म्हनलं, नशीब म्हन. म्या न्हाय म्हनले. मोजायचं काम तुमचं हुतं, तुमी चुकलात. चूक हाय म्हनूनच माफी. चूक नसती तर माफी कशाची? म्या ती कवाच दिलीया. बारा म्हैने न्हाय, बारा वर्सं झाली आसतील. रोज चरवी घेऊन येते, रोज माझी माफी तुमच्या दारातनं माघारी येती. देनाऱ्याचा हात दुखायला लागला भाऊ. घेनार हाय का न्हाय?"

आण्णांनी एक पालथा कॅन सरळ केला आणि परत पालथा घातला.

"आन् आजून एक ऐका. ह्ये कुनाला ठावं न्हाय." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्यो तुमच्या 'पक्कं'वर उतरला आसं तुमाला वाटतंय ना? त्या दिशी सकाळी आमचं भांडान झालं हुतं. पोरगी पान्यासाठी रडत हुती. म्या त्याला म्हनले, पानी लागल्याबिगर ह्या दारात तोंड दावू नगा. त्यो हसला. गेला. म्हनून त्याला घाई हुती. दोन वर्सं म्या त्यो सबुद धरून बसले. जेवाय बसले की त्यो सबुद, म्हशीखाली बसले की त्यो सबुद. घरात सुमी बी हाय ह्येचं भान नव्हतं मला. एक दिस पोरगी शेजारनीला म्हनली, माज्या आईला बोलायला येत न्हाय. म्हनलं, चंद्रे, बोललीस ती चूक. तुझीच हाय. आता ती उचल, कडंला ठिव आन् ऊठ, पोरीला न्हाऊ घाल. तवा कुठं उठले. आदी सोताला माफ केलं भाऊ, मंग तुमाला करता आलं. उलटं न्हाय व्हत त्ये. म्या लई करून बगितलं."

मग ती रांजणापाशी गेली, पेला भरला आणि आण्णांपुढं धरला. आण्णा त्या पेल्याकडं बघत राहिले. हात वर आला, अर्ध्यावर थांबला, खाली गेला. ती चिडली नाही. पेला माझ्याजवळ ठेवला.

"लगीन वैशाखात हाय. तुमी आलात तर तुमी. न्हाय आलात तर दुसऱ्या कुनाला म्या उबं करनार न्हाय. पोर मामाबिगर उबी ऱ्हाईल, आन् गावानं इचारलं तर म्या सांगीन, मामा हाय, पर त्याला सवड न्हाय."

गेली. आण्णा त्या पालथ्या कॅनवर संध्याकाळच्या रांगेपर्यंत बसून होते. मी काच वेचत होतो. एकदाच बोलले, "हसला म्हनली का ती? जाताना?"

"हो आण्णा."

"माझ्याकडं बघून बी हसला हुता. यारीत बसताना."

लग्नापर्यंतचे तीन आठवडे माणूस नुसता सुकत गेला. काटेकोर मोजणारे आण्णा मधेच थांबायचे, आणि रांगेतली बाई म्हणायची, "तीन झाले आण्णा." मी विचारलं, येणार का? तर 'दम धरा.' माझा दम संपत आला होता. मला राग यायला लागला होता, खरंच सांगतो. एका बाईनं एवढं मोठं मन केलं आणि हा माणूस आपलं दुःख कवटाळून बसलाय. ते दुःख नव्हतं, अपराधाचं ओझं होतं, हे कळायला माझ्या स्वतःच्या हातून एक चूक व्हावी लागली, पुष्कळ वर्षांनी. ती इथं सांगत नाही.

लग्नाच्या दिवशी दुपारचा मुहूर्त. दारात मांडव, गाव जमलेलं. आण्णांचा पत्ता नाही. मी त्यांच्या घरी पळत गेलो तर दाराला कुलूप. तिथंच उभा राहून मी त्यांना नको नको ते बोललो, कुलपाला. परत आलो तर भटजी घाई करत होते. नवरदेवाकडचा एक जण म्हणाला, "कुनीतरी मामा करा की, वेळ टळायलीय." येसूबाप्पा पुढं सरसावला, "म्या हाय की!" चंद्राक्का नुसती म्हणाली, "बसा खाली बाप्पा." सुमन अंतरपाटामागं एकटी उभी होती. तिच्या पाठीमागं हातभर जागा मोकळी होती आणि सगळे त्या जागेकडं बघत होते.

मंगलाष्टकं सुरू झाली. पहिलं संपलं असेल. माझ्या शेजारची माणसं बाजूला सरकली. आण्णा आले होते. नवं धोतर, डोक्याला फेटा, तोही घाईत बांधल्यासारखा वाकडा. मांडवाच्या मेढीला धरून क्षणभर थांबले. मला वाटलं आता माघारी फिरणार. पण ते त्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहिले. हात जोडावेत की सोडावेत, हे त्यांना कळत नव्हतं. गालावरचे निळे ठिपके उन्हात स्पष्ट दिसत होते. शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, वाजंत्री लागली, आणि आण्णांचे डोळे घट्ट मिटलेले होते.

मग जेवणं. पहिल्या पंगतीत मामाला मान. त्यांना हाताला धरून बसवलं, मला त्यांच्या शेजारी. भात, आमटी, बुंदी. स्वयंपाकाला पाणी विहिरीचंच होतं, गावात दुसरं होतंच कुठं? पत्रावळीवर वाफाळता भात पडला आणि आण्णा त्याच्याकडं बघत बसले. चंद्राक्का स्वतः आमटी वाढत येत होती. तिनं त्यांच्या भातावर पळी रिकामी केली आणि पुढं सरकली. वळून बघितलं नाही.

आण्णांनी आळं केलं, कालवलं. घास उचलला. तोंडात ठेवला. चावत राहिले, चावत राहिले. मी माझं जेवण विसरलो होतो. घास गिळताना त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली.

मग ते मोठ्यांदा म्हणाले, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा, "आक्का, आमटीत मीठ कमी हाय."

चंद्राक्का चार पानं पुढं गेली होती. ती जागीच थांबली. वाढप्यांनी हात आवरले. ती वळली, कमरेवर हात ठेवला.

"बगा बाई! चवदा वर्सांनी तोंड उगडलं, आन् उगडलं ते खोड काडायला!"

पंगत हसली. ती पण हसली. "आनते, मीठ आनते," असं म्हणत घरात गेली आणि लवकर बाहेर आली नाही. मग आतून तिचं रडणं ऐकू यायला लागलं. हुंदके नव्हते ते. मोठ्यानं, गळा काढून, नवऱ्याचं नाव घेऊन ती रडत होती, जसं बाया माणूस गेल्याच्या दिवशी रडतात. पंगतीत कुणी घास उचलेना.

आण्णांनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा मी बघितला आणि मला वाटलं, आता हा माणूस पानावरून उठणार, आणि या गावात पुन्हा दिसणार नाही. मी हात पुढं केला, त्यांना धरायला.

ते उठले नाहीत. उष्टा हात पानावर तसाच धरून, मिठाची वाट बघत बसून राहिले.